साखर सापडली, पुढे काय?

गावात मधुमेहाचा शोध मोजपट्टीने सुरू होतो. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ हा जोखीम मोजणारा फॉर्म भरतात: तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला साखर आहे का, आणि कंबरेचा घेर. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९०च्या पुढे गेली की गुण चढू लागतात. बेरीज चारच्या वर गेली तर तपासणीसाठी त्या माणसाचा नंबर आधी लागतो.

वजनकाट्यापेक्षा कंबरेवर भर का, हे पुण्यातल्या संशोधनातून कळते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर माता आणि पुढे त्यांची मुले अभ्यासली. बाळे वजनाने हलकी, स्नायू कमी, पण चरबी मात्र टिकून. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा जोडफोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. ‘बारीक माणसाला कसली साखर?’ हा समज सोडायला एवढा पुरावा पुरेसा आहे. आणि ही ठेवण आईच्या पोटातच ठरू लागते, म्हणून प्रतिबंधाची सुरुवातही मुलींच्या, म्हणजे उद्याच्या मातांच्या, आहारापासून व्हायला हवी.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत, गोव्यात प्रमाण २६.४ टक्के. आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. अशांना आहार आणि चालण्याची शिस्त लावली तर मधुमेहाचा धोका २८ टक्क्यांनी घटतो, हे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ मध्येच दाखवले.

यंत्रणा कमी पडते ती पाठपुराव्यात. शिबिरात साखर सापडते, महिनाभर गोळ्या चालतात, मग बरे वाटते म्हणून बंद होतात. रक्तदाबासाठी यावर उपाय निघाला आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. प्रत्येक रुग्णाचे कार्ड, ठरलेला औषधक्रम, महिन्याच्या गोळ्या एकदम आणि तारीख चुकली की फोन. मधुमेहालाही हीच पद्धत काटेकोर लागू झाली पाहिजे. त्यात वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी हवीच. आपल्या आरोग्य केंद्रात या तिन्ही तपासण्या होतात का, हे रुग्णांनी पुढच्या खेपेला जरूर विचारावे.