धीर धरणारा पैसा

पेण–रोहा रेल्वेमार्गावर नागोठणे सुटले की निडी, मग रोहा. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना मूळचा सरकारी आयपीसीएलचा. ही कंपनी 2002 मध्ये रिलायन्सच्या ताब्यात गेली आणि 2007 मध्ये तिच्यात विलीन झाली. त्याच 2007 मध्ये ब्रिटनच्या व्होडाफोनने सुमारे 11 अब्ज डॉलर मोजून हचिसन-एस्सार या भारतातल्या मोबाइल कंपनीतला 67 टक्के हिस्सा घेतला. या दोन व्यवहारांचा धागा 5 सप्टेंबर 2016 ला जुळला. त्या दिवशी रिलायन्सची जिओ मोबाइल सेवेच्या बाजारात उतरली. तिच्यामागे तेल आणि प्लास्टिकची वर्षानुवर्षांची कमाई होती. दीड लाख कोटींच्या आसपास रक्कम आधीच गुंतवून झालेली, त्यामुळे काही महिने डेटाही फुकट देता आला. व्होडाफोनने तयार ग्राहक विकत घेतले होते आणि तिची मोठी भिस्त कॉलच्या बिलावर होती. जिओने कॉलच फुकट करून टाकले. माझ्या मते परदेशी कंपन्या इथे परक्या म्हणून हरल्या नाहीत. तोटा किती वर्षे सोसायचा हे दूरदेशीच्या भागधारकांच्या हाती होते, म्हणून त्या हरल्या.

यावर म्हटले जाते की त्यांना सरकारनेच मारले. आक्षेप पोकळ नाही. 2007 च्या त्या खरेदीवरचा करखटला व्होडाफोन जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली आणि त्याच वर्षी करकायद्यात पूर्वलक्ष्यी दुरुस्ती झाली. तो अन्यायच होता. पण नॉर्वेच्या टेलिनॉरकडे पाहा. टूजी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणात परवाने रद्द झाल्यावरही ती लिलावात पुन्हा उतरली, स्वस्त दर हीच तिची ओळख होती, तरी 2017 मध्ये तिने भारतातला धंदा एअरटेलला देऊन टाकायचे ठरवले. कंपन्यांनी सरकारला द्यायच्या थकीत महसूल-वाट्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल एअरटेललाही जबर बसला, पण ती उभी राहिली. परक्या पैशाला इथे मज्जाव नाही, हेही खरे: एअरटेलमध्ये सिंगापूरची सिंगटेल जुनी भागीदार आहे, 2020 मध्ये फेसबुक आणि गूगल जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये आल्या. मात्र सुकाणू त्यांच्या हाती नाही.

म्हणून स्थानिक विजयाचा आनंद मला अर्धाच वाटतो. स्वस्त डेटा निडीसारख्या गावांच्या फायद्याचा आहे, पण तो चढाओढीतून आला. चढाओढ संपली तर दर कुणाच्या मर्जीवर राहतील? स्पर्धक कमी होतच आहेत: ऑगस्ट 2018 मध्ये व्होडाफोनचा इथला धंदा आणि आयडिया एक झाले. या जोड-कंपनीच्या सरकारी थकबाकीचे शेअर होत गेले आणि 2025 मध्ये त्या कंपनीत भारत सरकारचा हिस्सा सुमारे 49 टक्क्यांवर पोहोचला.