रक्ताच्या रिपोर्टावर किती विसंबावे?



"फुफ्फुसाचा कॅन्सर आता रक्तावरून कळतो म्हणे, मग सुई घालून तुकडा कशाला काढायचा?" असे बरेच सभासद आम्हाला विचारतात. प्रश्न रास्त आहे.

गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात. त्यात ईजीएफआर या जनुकातला बिघाड सापडला, तर नेमकी त्यावरची गोळी देता येते. अशा रक्ततपासणीला अमेरिकेत २०१६ साली पहिली मंजुरी मिळाली. गाठीचा तुकडा काढणे झेपणार नाही अशा रोग्याला तिचा मोठाच आधार.

पण ही तपासणी औषध निवडण्यासाठी आहे. गाठ लहान असली की हे तुकडे इतके थोडे असतात की सापडतच नाहीत. तेव्हा रिपोर्टात 'आढळले नाही' आले म्हणजे रोग नाही, असे समजू नये. जुनी सीईए तपासणी तर नुसती बिडी ओढणाऱ्याचीही वाढलेली निघते! शेंड्याचा रस चाखून साऱ्या फडाचा उतारा सांगावा, तसले ते.

आमची खरी काळजी वेगळीच आहे. खोकला, थुंकीतून रक्त, घटते वजन ही लक्षणे टीबीचीही. थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि महिने निघून जातात. काही महिने "हंगाम उरकू दे, मग बघू" म्हणण्यातही जातात. थुंकीत जंतू नाहीत, गोळ्यांनी गुण नाही, असे असेल तर डॉक्टरांना सीटी स्कॅनबद्दल स्पष्ट विचारावे. त्यांनी तुकडा काढायला सांगितला, तर रक्ताचा रिपोर्ट पुढे करून टाळू नये.