बियाण्याला किती ऊर्जा मानवते? पेरणीपूर्व लहरींचे गणित

भाताचे बियाणे पेरणीपूर्वी ३ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारे पोचट दाणे वेगळे काढण्याची रीत शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. विद्युतचुंबकीय बीजप्रक्रियेत मात्र रेडिओ लहरी, सूक्ष्मलहरी किंवा स्थिर चुंबकीय क्षेत्र वापरले जाते. कल्पना नवी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञ स्टुअर्ट नेल्सन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेब्रास्का येथे लसूणघासाच्या बियांवर रेडिओ लहरींचे प्रयोग केले. यातील काही बियांचे कवच इतके कठीण असते की पाणी आत शिरत नाही. प्रक्रियेनंतर अशा बियांचे प्रमाण घटले व उगवण वाढली. मात्रा अधिक झाली तर मात्र दाणा मरतो, आणि मेलेले बियाणे परत मिळत नाही. ही सीमा आधीच हेरण्यासाठी गणिती प्रारूप लागते.

दाण्यात मुरणारी ऊर्जा तीन गोष्टींवर अवलंबून असते: लहरींची वारंवारता, विद्युतक्षेत्राच्या तीव्रतेचा वर्ग आणि दाण्याची शोषणक्षमता. तीव्रता दुप्पट केली की उष्णता चौपट होते. शोषणक्षमता मुख्यतः ओलाव्यावर ठरते. म्हणूनच एकच यंत्र, एकच वेळ, तरी दोन पोत्यांचे निकाल निराळे येऊ शकतात. समजा, २८ अंश सेल्सिअसचे १ किलो बियाणे दर सेकंदाला ५०० ज्यूल ऊर्जा शोषते आणि ते १ अंशाने तापवण्यास १,८०० ज्यूल लागतात. उष्णता बाहेर गेली नाही असे धरल्यास एका मिनिटात तापमान सुमारे ४५ अंश होईल, दोन मिनिटांत ६१. ओलसर बियाण्याच्या अंकुराला दुसरा आकडा घातक ठरू शकतो. शिवाय ही झाली सरासरी. ढिगाच्या मध्यभागी काय घडते, हे पाहण्यासाठी संगणकात त्याचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकाचे तापमान काढावे लागते.

चुंबकीय क्षेत्राची गोष्ट वेगळी, आणि खरे तर अधिक अवघड. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये हरभऱ्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. ५० मिलिटेस्लाला दोन तास, १०० ला एक तास आणि १५० ला दोन तास या मात्रा त्यात सरस ठरल्या. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र जेमतेम ०.०५ मिलिटेस्ला असते. येथे दाणा तापत नाही. परिणामामागील यंत्रणेवर शास्त्रज्ञांचे एकमतही नाही. त्यामुळे हे प्रारूप म्हणजे प्रयोगांच्या आकड्यांवर बसवलेली वक्ररेषा. हरभऱ्याची रेषा भाताला लावता येत नाही. सर्व पिकांना एकच मात्रा सांगणाऱ्या यंत्रविक्रेत्याकडे म्हणूनच जरा साशंकतेने पाहावे.

पडताळणी मात्र घरच्या घरी होते. एकाच पोत्यातील प्रक्रिया केलेले १०० व न केलेले १०० दाणे ओल्या गोणपाटावर शेजारी ठेवून अंकुर मोजावेत. मूळची उगवण ९५ टक्के असेल, तर वाढीला उरते फक्त पाच दाण्यांची जागा.