भूगर्भातील आवाज आणि अधिकृत निवेदनांवरील अविश्वास
(हिंगोली जिल्ह्यातील एका उदाहरणाच्या आधारे)

शासनाने किंवा एखाद्या शास्त्रीय संस्थेने घटनेचे जे स्पष्टीकरण द्यावे ते लोकांनी स्वीकारू नये, उलट त्यामागे काहीतरी दडविले जात आहे असे मानावे, ही प्रवृत्ती आजच्या समाजजीवनात ठळकपणे दृष्टीस पडते. तिला अज्ञानाचे लक्षण म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. पण तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. अविश्वास कोठे उत्पन्न होतो, कोणत्या मर्यादेपर्यंत तो विवेकाला धरून असतो आणि कोठून पुढे तो विवेकाची वाट सोडतो, हे एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरूनच नीट समजू शकते. त्या दृष्टीने हिंगोली जिल्ह्यातील भूगर्भीय आवाजांचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी दोन संज्ञांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘शंका’ हा एक प्रश्न असतो. अमुक एक गोष्ट सिद्ध झाली म्हणजे आपण निवृत्त व्हावयाचे, हे खऱ्या शंकेला ठाऊक असते. ‘कटकल्पना’ हे मात्र आधीच ठरलेले उत्तर असते. पुरावा सापडला तर तो तिला अनुकूल ठरतो. आणि न सापडला तर तो कोणीतरी नाहीसा केला असे म्हणून तोही तिला अनुकूलच ठरविला जातो. बाहेरून पाहता दोहोंचे बोलणे पुष्कळदा सारखेच वाटते. म्हणूनच ह्या भेदाकडे दुर्लक्ष होते.

घटना

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. ह्या जिल्ह्याच्या वसमत, औंढा नागनाथ व कळमनुरी ह्या तालुक्यांतील काही गावांत गेल्या अनेक वर्षांपासून जमिनीतून गडगडाटासारखे आवाज ऐकू येतात. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे हे गाव त्यासाठी विशेष परिचित झाले आहे. वृत्तपत्रांनी ह्या आवाजांना ‘गूढ आवाज’ असे नाव दिले आणि ते रूढ झाले. कधी आवाजाबरोबर भांडी खणखणतात, कधी केवळ आवाजच होतो. ह्याच पट्ट्यात जानेवारी २०२१ मध्ये सौम्य भूकंपाची नोंद झाली. पुढे २१ मार्च २०२४ रोजी सकाळी काही मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले. त्यांतील मोठा रिश्टर मापनावर ४.५ एवढा होता. त्याच वर्षी १० जुलै रोजी सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसला. त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांड्याच्या परिसरात असल्याचे सांगण्यात आले. हे धक्के हिंगोलीखेरीज नांदेड व परभणी जिल्ह्यांतही जाणवले.

आवाजाचे स्वरूप

भूकंपाबरोबर आवाज व्हावा ह्यात अद्भुत असे काही नाही. भूपृष्ठाखालील खडकातील भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या की तेथून तरंग निघतात. त्यांतील सर्वांत वेगवान अशा प्राथमिक तरंगांची जात ध्वनितरंगांचीच असते. ते पृष्ठभागापर्यंत आले म्हणजे जमीन नगाऱ्याच्या कातड्याप्रमाणे कंप पावते आणि वरच्या हवेत ध्वनी उमटतो. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारे २० कंपनांच्या पुढचा आवाज ऐकू येतो. धक्का खोलवर किंवा दूरवर झाला तर हे जलद कंप वाटेतच विरून जातात; परंतु तो उथळ असेल आणि खडक कठीण असेल तर ते कानापर्यंत पोहोचतात. हिंगोलीच्या काळ्या मातीखाली दख्खनच्या पठाराचा कठीण काळा पाषाण आहे. अशा ठिकाणी पायाखाली जेमतेम जाणवणारा धक्काही मोठा आवाज करू शकतो.

असे आवाज केवळ आपल्याकडेच होतात असेही नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील बारिसालच्या परिसरात तोफांसारखे आवाज ऐकू येत. ते ‘बारिसालच्या तोफा’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मूडस नावाचे गाव आहे. तेथील मूळ रहिवाशांनी त्या स्थळाला दिलेल्या नावाचा अर्थच ‘आवाजांचे ठिकाण’ असा होतो. तेथे शतकानुशतके नाना तर्क चालत आले. अखेर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या गावाजवळच संवेदनशील यंत्रे बसविण्यात आली, तेव्हा दीड किलोमीटरहूनही कमी खोलीवर होणाऱ्या अतिसूक्ष्म भूकंपांशी आवाजांचा मेळ जुळून आला. यंत्र आवाजाच्या जवळ नेले, हीच त्या उलगड्यातील निर्णायक गोष्ट होती.

‘नोंद नाही’ ह्या शब्दांचा अर्थ

मराठवाड्यात अशा घटनांनंतर जी निवेदने निघतात त्यांत ‘भूकंपाची नोंद झालेली नाही’ हे वाक्य पुष्कळदा आढळते. लातूर शहरात १५ फेब्रुवारी २०२३ रोजी विवेकानंद चौकाच्या परिसरात जमिनीतून आवाज आल्याचे लोकांनी कळविले. त्या वेळीही भूकंपाची नोंद नसल्याचेच सांगण्यात आले. हे वाक्य खोटे नव्हे. दूरच्या केंद्रावरील यंत्राला एक-दोन अंकांचा उथळ धक्का टिपता येतोच असे नाही. परंतु ते ऐकणाऱ्याच्या मनात काय घडते ह्याचा विचार केला पाहिजे. ज्याच्या घरची पत्रे आत्ताच थरारली आहेत, त्याला ‘नोंद नाही’ ह्याचा अर्थ ‘काही घडलेच नाही’ असा लागतो. मग त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात. एक तर आपल्या कानांना भ्रम झाला असे मानावयाचे, किंवा सांगणारा खरे सांगत नाही असे मानावयाचे. सबंध गावाने एकाच वेळी आवाज ऐकलेला असता पहिला पर्याय कोणीही स्वीकारणार नाही. अशा रीतीने एका अचूक पण अपुऱ्या वाक्यातून अविश्वास जन्म घेतो.

येथे एका वाक्याची भर घातली असती तर पुष्कळ काही साधले असते. ‘आमचे यंत्र इतक्या अंतरावर आहे, इतक्या अंकाखालील धक्का त्याला कळत नाही, म्हणून तुम्ही ऐकलेला आवाज लहान भूकंपाचा असू शकतो’ एवढे सांगितल्याने गावकऱ्याचा अनुभव आणि शास्त्राची नोंद ह्यांतील विरोध नाहीसा होतो. नोंद नसणे आणि घटना नसणे ह्या भिन्न गोष्टी आहेत, हे शास्त्रज्ञाला इतके स्वाभाविक वाटते की ते उच्चारून दाखविण्याची आवश्यकताच त्याला भासत नाही.

आकड्यांतील तफावतीचेही असेच आहे. किल्लारीच्या भूकंपाचा अंक कोठे ६.२ तर कोठे ६.४ असा छापलेला आढळतो. मृतांची संख्या शासकीय आकड्यानुसार ७,९२८ सांगितली जाते, तर इतरत्र ती दहा हजारांच्या जवळ नेली जाते. तरंगांच्या वेगवेगळ्या प्रकारांवरून मोजणी केली म्हणजे अंकात असा फरक पडतोच. परंतु मोजणीची रीत न सांगता केवळ अंक पुढे ठेवले, तर दोहोंतील एक खोटा आहे असे वाचकास वाटल्यावाचून राहत नाही.

अविश्वासाचा पूर्वेतिहास

लोकांच्या संशयाला इतिहासाचा आधार आहे, हेही मान्य केले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासची गावे जमीनदोस्त झाली. त्यापूर्वीच्या वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, त्या भागात धक्के बसले होते व लोक भयभीत झाले होते. परंतु भूकंपधोक्याच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविलेला होता. पुढे २००२ च्या नकाशात त्याला तिसऱ्या विभागात घालण्यात आले. ह्यात कोणाचा कट नव्हता. जुन्या खडकाच्या स्थिर प्रदेशात असा भूकंप होईल अशी त्या वेळच्या शास्त्राची अपेक्षाच नव्हती. तरीही नकाशा चुकला आणि लोकांची भीती खरी ठरली, ही स्मृती मराठवाड्याच्या मनात घर करून राहिली आहे.

कोयनेचे उदाहरण याहून अधिक उद्बोधक आहे. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि लवकरच त्या परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या मोठ्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. जलाशयाचा व भूकंपाचा संबंध आहे काय, ह्याविषयी आरंभी तज्ज्ञांत तीव्र मतभेद होते. पुढे जलाशयातील पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या ह्यांची वर्षानुवर्षे तुलना झाली. आज जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातील प्रमुख उदाहरण म्हणून कोयनेचा उल्लेख होतो. म्हणजे ‘धरणामुळे जमीन हलते’ ही शंका निराधार नव्हती. ती टिकली, कारण ती मोजमापाने तपासता येण्याजोगी होती.

योगायोग आणि कटकल्पना

आता ह्याच कसोटीवर एका वेगळ्या संशयाची परीक्षा करून पाहू. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारावयाची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. त्यानंतर दहा महिन्यांनी २१ मार्च २०२४ चा धक्का बसला. स्थळ एकच, काळही लगतचा. त्यात प्रकल्पाचे नाव अपरिचित व कार्य सहजी न कळणारे. ‘ह्यामुळेच ते झाले’ असे अनुमान निघावयास एवढी सामग्री पुरेशी आहे.

परंतु तपासून पाहता हे अनुमान टिकत नाही. पांगरा शिंदे येथील आवाज पायाभरणीच्या कित्येक वर्षे अगोदरचे आहेत. २०२१ चा भूकंपही त्यापूर्वीचा आहे. शेजारच्या नांदेड शहरात तर २००६ नंतर सूक्ष्म भूकंपांची मालिकाच अनुभवास आली होती. शिवाय ही वेधशाळा भूमीत काही सोडीत नाही. चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन भुजांत प्रकाशकिरण फिरवून, अणुगर्भातील प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही सूक्ष्म असा लांबीतील फरक ती मोजणार आहे. तिचे काम ऐकण्याचे आहे, बोलण्याचे नव्हे.

येथे एक रास्त प्रश्न उरतो. शांत भूमी म्हणून ही जागा निवडली, तर तेथे भूकंप कसे? जागा निवडताना मुख्यतः जमिनीचा नित्याचा कंप पाहिला जातो. रहदारी, कारखाने, समुद्राच्या लाटा ह्यांमुळे तो सतत चालू असतो. क्वचित होणारा धक्का मोजणीत काही काळ व्यत्यय आणतो, एवढेच. अमेरिकेतील अशीच एक वेधशाळा हॅनफर्ड येथे, भूकंप होणाऱ्या वॉशिंग्टन राज्यातच, कार्यरत आहे. हे उत्तर उपलब्ध आहे. मात्र ते गावात जाऊन, गावच्या भाषेत, प्रश्न विचारला जाण्यापूर्वी दिले गेले पाहिजे. तामिळनाडूतील तेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळेला जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली होती. तीही निसर्गातून आपोआप येणारे कण टिपणारी संस्था होती. पण किरणोत्साराची व धरणाला धक्का पोहोचण्याची भीती लोकांत पसरली, न्यायालयीन वाद उभे राहिले, आणि २०२२ मध्ये राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पास विरोध नोंदविला. स्पष्टीकरण उशिरा आले म्हणजे ते स्पष्टीकरण न राहता सारवासारव वाटू लागते.

निवेदन कसे असावे

‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये’ हे आपल्याकडील ठराविक वाक्य आहे. त्यात काय करू नये ते सांगितलेले असते. काय झाले आणि काय करावे, ते सांगितलेले नसते. उलटपक्षी मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने केलेली एक सूचना पाहण्यासारखी आहे. घरावरील पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून ज्यांनी त्यांवर दगड ठेवले असतील त्यांनी ते काढून घ्यावेत, असे त्या सूचनेत म्हटले होते. ही सूचना लोकांच्या घराकडे पाहून केलेली होती, तिच्यामागील कारण ऐकताक्षणी पटण्याजोगे होते, आणि धोका आहे हे ती लपवीत नव्हती. चांगल्या निवेदनाची हीच तीन लक्षणे होत.

त्यांत आणखी एकाची भर घालावी लागेल. ती म्हणजे आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगणे. ४.५ चा धक्का आणि किल्लारीचा ६.२ चा भूकंप ह्यांत मुक्त होणाऱ्या ऊर्जेचे अंतर साडेतीनशे पटींच्या घरात जाते. तेव्हा प्रत्येक लहान धक्क्यात किल्लारी पाहण्याचे कारण नाही. परंतु मोठा धक्का मुळीच येणार नाही असे छातीठोकपणे सांगणेही शास्त्राला धरून नाही. ‘केव्हा होईल ते सांगता येत नाही, घर कसे असावे ते मात्र सांगता येते’ हे विधान कमी आश्वासक वाटले तरी अधिक विश्वसनीय आहे. जो आज आपली मर्यादा सांगतो, त्याचा इशारा उद्या मानला जातो.

ह्या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथेच आहे. गूढ आवाजाविषयीचा गैरसमज स्वतः कोणाचा जीव घेत नाही. परंतु दर वेळी अर्धवट निवेदन ऐकून ज्या गावाने अधिकृत शब्दाकडे पाठ फिरविली, ते गाव खऱ्या संकटाच्या सूचनेकडेही पाठ फिरवील. ह्यासाठी आवाज होणाऱ्या गावांत कायम स्वरूपाची नोंदयंत्रे असावीत, त्यांवरील नोंदी शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या फलकावर नियमितपणे लावल्या जाव्यात, आणि गावकऱ्यांनी ऐकलेल्या आवाजाची वेळ लिहून ठेवण्याचे काम तेथील विद्यार्थ्यांकडे सोपवावे. आपल्या वहीतील वेळ यंत्रावरील वेळेशी जुळते, हे ज्या मुलाने स्वतः पाहिले आहे, त्याला कोणावर विश्वास ठेवावा हे निराळे सांगावे लागणार नाही. आणि ती एखाद्या दिवशी जुळली नाही, तर त्याने विचारलेला प्रश्न शास्त्रज्ञांनाही उपयोगी पडेल.