अंतराळातला वकील आणि दप्तरातले श्रेय

मराठीत विज्ञानकथा रुजली ती बहुतांशी ज्ञानप्रसाराची जबाबदारी खांद्यावर घेऊन. १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि ती पहिली आली, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्या परंपरेत विज्ञान चोख असते. हसू मात्र जपून येते. म्हणूनच साठच्या दशकातल्या अमेरिकन मासिकांतला जेम रेटीफ हा अंतराळातला राजनैतिक अधिकारी मराठी वाचकाने एकदा भेटावा असा आहे.

रेटीफचा जनक कीथ लॉमर (१९२५–१९९३) हा अमेरिकी हवाई दलातला अधिकारी. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने ब्रह्मदेशात परराष्ट्र खात्याची नोकरी केली. म्हणजे वकिलातीतल्या मेजवान्या, टिपणे आणि मानापमान त्याने आतून पाहिले होते. रेटीफची पहिली कथा जानेवारी १९६०च्या 'फँटॅस्टिक' मासिकात आली. पुढच्या कथा मुख्यतः 'इफ' मासिकात येत गेल्या आणि १९६३ साली पहिला संग्रह निघाला. याच सुमारास, १९५८मध्ये, लेडरर आणि बर्डिक यांची 'द अग्ली अमेरिकन' ही कादंबरी गाजली होती. आग्नेय आशियात जाऊन तिथली भाषाही न शिकणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांवर तिने गंभीरपणे कोरडे ओढले. लॉमरने तेच दुखणे विनोदाने मांडले, फक्त ग्रह बदलले.

कथांचा साचा ठरलेला आहे. पृथ्वीच्या राजनैतिक सेवेत वरिष्ठ मॅग्नन आणि त्याच्यासारखे इतर पोशाख, शिष्टाचार आणि बढतीत गुंतलेले. समोर बहुधा ग्रोआसी, देठांवर पाच डोळे असलेले, कुजबुजत बोलणारे आणि आतून कट शिजवणारे. मध्ये रेटीफ. त्याच्याकडे जादूचे यंत्र नाही. तो स्थानिक माणसांबरोबर बसतो, खातो-पितो, त्यांची रीत समजून घेतो आणि वेळ पडली तर ठोसाही लगावतो.

मला सर्वांत आवडते ती १९६२ची 'कल्चरल एक्स्चेंज'. त्यातल्या खात्यांच्या लांबलचक नावांची आद्याक्षरे जुळवली की 'मडल' आणि 'स्क्राउंज' असे शब्द होतात, म्हणजे 'घोळ' आणि 'उकळणे'. वरिष्ठ परगावी जाताना रेटीफला बजावतो की नवे काही करू नकोस. रेटीफसमोर तीन साधी प्रकरणे येतात. एका ग्रहाला द्राक्षांच्या तोडणीसाठी माणसे हवी आहेत. दुसऱ्या, लहानशा ग्रहाला ५०० ट्रॅक्टर जायचे आहेत. तिसरीकडे २००० विद्यार्थी शिकायला निघाले आहेत. प्रत्येक कागद सुटा पाहिला तर निर्दोष. एकत्र ठेवले की दिसते, ट्रॅक्टर नावापुरतेच ट्रॅक्टर आहेत, विद्यार्थी सगळे तरुण पुरुष आहेत, आणि दोन्हींचा रोख द्राक्षांच्या ग्रहाकडे आहे. रेटीफ गोळी न झाडता ट्रॅक्टरांची आणि विद्यार्थ्यांची वाट बदलतो. चढाईला निघालेले सैन्य द्राक्षे तोडायला पोहोचते!

जालना एमआयडीसीतल्या एका सळयांच्या कारखान्यात मी बरीच वर्षे डिस्पॅच पाहतो. चलन, बिल्टी आणि वजनकाट्याची पावती अशी तीन कागदे एकमेकांना लावून पाहणे हाच आमचा धंदा. 'इतका माल इतक्या छोट्या दुकानाला कशाला?' हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला रेटीफची हुशारी अंतराळातली वाटत नाही. लॉमरच्या विनोदाखाली एक खरे निरीक्षण आहे. लबाडी बहुधा खोट्या कागदात नसते. खऱ्या कागदांमध्ये सुटलेल्या जागेत ती असते.

संग्रहातल्या कथांच्या माथ्यावर त्या राजनैतिक सेवेच्या 'अधिकृत इतिहासा'तले काल्पनिक उतारे आहेत. त्यांत सारे श्रेय साहेबांना. खाली कथेत आपण पाहतो की काम कोणी केले. इतिहासाची साधने चाळणाऱ्याला हा विनोद जरा जास्तच झोंबतो. पेशवाईत 'वकील' म्हणजे परदरबारातला प्रतिनिधी. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील असलेले गोविंदराव काळे यांच्यासारख्यांनी पाठवलेल्या बातम्यांवर पुण्यातले निर्णय उभे असत. शाळेच्या पुस्तकात मात्र १७९५ची खर्ड्याची लढाई उरते आणि नाना फडणीसांचे नाव उरते. वासुदेवशास्त्री खरे आणि राजवाडे यांच्यासारख्यांनी पत्रे छापली नसती, तर आपल्यालाही माथ्यावरचा उताराच वाचावा लागला असता.

पण आज पुन्हा वाचताना एक गोष्ट खुपते. या कथांत पृथ्वीचे साहेब मूर्ख असले तरी शहाणपण शेवटी पृथ्वीच्याच एका माणसाकडे असते. परग्रहावरचे लोक एक तर भाबडे, नाही तर कपटी. ग्रोआसींमध्ये शीतयुद्धातला शत्रू सहज ओळखू येतो. ब्रह्मी माणसाच्या नजरेने तीच वकिलात कशी दिसली असती, हे लॉमर विचारत नाही.

जालना जिल्ह्यात बसून तो प्रश्न टाळता येत नाही. असई याच जिल्ह्यातले. ऑगस्ट १८०३मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून इंग्रज रेसिडेंट कर्नल कॉलिन्स निघून गेला, बोलणी संपली आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणात वेलस्ली जिंकला. इंग्रजी बखरीत कॉलिन्स हा चिकाटीचा, सहनशील अधिकारी. शिंद्यांच्या छावणीतून पाहिले तर तोच मनुष्य लढाईची मुदत घेऊन आलेला. रेसिडेंट हुशार असला की ज्याच्या दारात तो बसतो त्याचे भले होतेच असे नाही.

तरीही मी या कथांची शिफारस करतो. लॉमरने आपल्याच सरकारी सेवेची टिंगल केली, आणि ती करताना कागद कसा वाचावा हे शिकवले. तीच शिकवण त्याच्या कथांना लावली की त्यांतली सुटलेली जागाही दिसते. ती जागा भरायला एक मराठी विज्ञानकथा हवी, जिच्यात पृथ्वीचा वकील उतरतो आणि त्याच्यावर मनमुराद हसणारे लोक त्या ग्रहावरचे असतात. हसवण्याची आपली परंपरा काही लहान नाही. तिने अजून अंतराळयानात पुरेसे पाऊल ठेवलेले नाही, एवढेच.