कणसांच्या शेतातली वाट आणि साखरेचा चकवा

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले, माहेरवाशिणी परतल्या, की घरातल्या बाईला जरा उसंत मिळते. मुलांची सुट्टी अजून शिल्लक असते, हवेत छान गारवा आलेला असतो, आणि "एखादा दिवस कुठंतरी जाऊन येऊ या ना!" असा लकडा घरात सुरू होतो. मैत्रिणींनो, यंदा सहलीचा बेत कराल तेव्हा त्याला आणखी एक काम जोडून घ्या. जाण्याआधीच्या आठवड्यात तुमच्या स्वतःच्या रक्तातली साखर तपासून घ्या. घरातल्या सगळ्यांची तपासा, पण पहिला नंबर तुमचा!

१४ नोव्हेंबर हा बालदिन म्हणून आपल्याला पाठ असतो. तोच जागतिक मधुमेह दिनही आहे, कारण १९२१ मध्ये इन्शुलिनचा शोध लावणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. म्हणजे आठवण ठेवायला सोपं. मुलांना खाऊ आणायचा त्याच आठवड्यात आपली तपासणी.

चकवा लागतो तो असा

खेडेगावात 'चकवा लागला' असं म्हणतात, ते तुम्ही ऐकलं असेल. माणूस ओळखीच्याच शेतातून चालत असतो, वाट बरोबर आहे असं त्याला वाटत असतं, आणि तो फिरून फिरून त्याच बांधावर येतो. अमेरिकेत तर शरद ऋतूत हाच खेळ मुद्दाम मांडतात. उभ्या मक्याच्या शेतात वळणावळणाच्या वाटा कापून भूलभुलैया करतात. असा पहिला मोठा भूलभुलैया १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅनव्हिल गावी झाला. तिकडे गेलेली आपली मराठी कुटुंबंही ऑक्टोबरात मुलांना घेऊन तिथं जातात.

मधुमेहाचा चकवाही अगदी असाच असतो. खूप तहान लागणं, वारंवार लघवीला जावं लागणं, जखम लवकर न भरणं, लघवीच्या जागी सारखी खाज येणं ही लक्षणं आपल्याला ठाऊक असतात. पण ती दिसेपर्यंत अनेकींची साखर कितीतरी वर्षं वाढलेलीच असते. थकवा आला तर आपण म्हणतो, कामानं आला. चष्म्याचा नंबर बदलला तर म्हणतो, वय झालं. आणि आत डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा हळूहळू खराब होत राहतात. म्हणून त्रास नसतानाच तपासायचं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज असा, की देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. उंबरठ्यावरून माघारी फिरता येतं, हेच तर या लेखात सांगायचं आहे.

"मी कुठं जाड आहे?"

हा प्रश्न पुष्कळ जणी विचारतात. त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानानं जास्त! पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, पण एकाच्या अंगात ९ टक्के चरबी आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के!

तेव्हा वजनकाट्यावर भिस्त ठेवू नका. शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोटाचा घेर मोजा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

घरबसल्या गुण मोजा

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांनी २००५ मध्ये एक सोपी गुणपत्रिका तयार केली. पेन्सिल घ्या आणि बेरीज करा बरं!

वय: ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशी गाठली असेल तर ३०.
पोटाचा घेर (बायकांसाठी): ८० सेंमी.च्या आत ०, ८० ते ८९ ला १०, ९० किंवा जास्त असेल तर २०.
हालचाल: नियमित व्यायाम आणि कष्टाचं कामही असेल तर ०, दोन्हींपैकी एकच असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०.
आई-वडील: दोघांनाही मधुमेह नाही ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

बेरीज ६० किंवा त्याहून जास्त आली, तर धोका मोठा आहे असं समजून तपासणीला जा. ३० ते ५० आली तरी निर्धास्त राहू नका. "घरचं सगळं मीच करते, मग वेगळा व्यायाम कशाला?" असं म्हणू नका. मिक्सर, गॅस आणि वॉशिंग मशीन आल्यापासून आपले हात चालतात, पण पाय पूर्वीइतके चालत नाहीत.

तपासणी कोणती?

रात्री जेवल्यानंतर निदान आठ तास काही खायचं नाही. सकाळचा चहासुद्धा नाही, फक्त पाणी चालेल. मग रक्त द्यायचं. ही उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, आणि १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. त्यानंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तासांनी पुन्हा रक्त देतात. तिथं १४० च्या आत हवी. १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, २०० पासून पुढे मधुमेह.

तिसरी तपासणी 'एचबीए१सी'. तिच्यातून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो आणि उपाशी राहावं लागत नाही. ५.७ च्या आत उत्तम, ६.५ पासून मधुमेह. मात्र अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो. आपल्यात पंडुरोग पुष्कळ, म्हणून हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्या. बोटाला टोचून घरच्या यंत्रावर पाहिलेला आकडा हा नुसता अंदाज असतो, निदान शिरेतल्या रक्तावरूनच करतात. आकडा वाढलेला आला आणि त्रास काही नसेल, तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करून घेतात.

तिशीनंतर ही तपासणी सुरू करावी. सरकारी आरोग्य केंद्रांत आणि उपकेंद्रांत तीस वर्षांवरच्या सर्वांसाठी ती होते, आणि गावोगावच्या आशाताई फॉर्म भरून कंबरेचा घेरही मोजतात. संकोच करू नका.

बाळंतपणातली साखर

गरोदरपणात जिची साखर वाढली होती, तिनं तर विशेष जपावं. बाळंतपण झालं, साखर उतरली, की आपण ते विसरून जातो. पण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी एकदा, आणि पुढे नियमानं तपासणी हवी. सुनेला किंवा लेकीला दिवस गेले असतील, तर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखर तपासली का, हे घरातल्या मोठ्यांनी आवर्जून विचारावं.

वेळेवर कळलं तर काय होतं?

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर प्रयोग केला. त्याचा निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत, ज्यांना खास काही सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी ५५ टक्के लोक मधुमेही झाले. ज्यांनी रोज अर्धा तास चालणं आणि खाण्यातला नेम पाळला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिलं. गोळी न घेता एवढा फरक! चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची शतपावलीही वाया जात नाही.

चला, जुन्नरला

आता सहलीचं. जुन्नर २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालं. पुणे-नाशिक रस्त्यानं मंचर, नारायणगाव करत जावं. शिवनेरीच्या सात दरवाज्यांतून चढावं, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घ्यावं, ओझरच्या विघ्नहराला नमस्कार करावा. आंबेगावात घोडनदीवरचं डिंभे धरण पाहावं. एका दिवसात जेवढं झेपेल तेवढंच ठरवा, पण पायी फिरा. घरात कुणी मधुमेही असेल तर त्यांना उन्हात अनवाणी चढू देऊ नका. पायाची जाणीव कमी झाली असेल तर चटका कळत नाही. त्यांची औषधं, पाणी आणि खडीसाखर पिशवीत असू द्या.

इथं शेतावर राहण्याजेवणाची सोय करणारे शेतकरी आहेत. सुगीच्या दिवसांत मक्याची कणसं मिळतात, आणि मार्गशीर्ष-पौषात हुरडा. कणीस निखाऱ्यावर भाजा, वर लिंबू-मीठ लावा. एक मध्यम कणीस खाल्लं तर जेवणात एक पोळी कमी घ्या. हुरड्याबरोबर गुळाऐवजी शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी घ्या. उसाचा रस मात्र मुलांनाही घोटभरच! येताना बाजरी आणि पश्चिम पट्ट्यातली नाचणी घेऊन या.

एक गोष्ट मात्र अगदी कटाक्षानं पाळा. मुलांना उंच मक्यात किंवा उसात लपाछपी खेळायला सोडू नका. या भागात बिबटे उसात आसरा घेतात, आणि जुन्नर-आंबेगाव-शिरूरकडे माणसांवर हल्लेही झाले आहेत. दिवसाउजेडी, शेतकरीदादांना सोबत घेऊन, बांधावरूनच फिरा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी या.

घरातल्या बाईचा रिवाज असा, की 'ह्यां'चं ब्लडप्रेशर, सासूबाईंचे डोळे, मुलांची लस हे सगळं तिच्या ध्यानात असतं, आणि स्वतःचं तेवढं "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून राहून जातं. तेव्हा कॅलेंडरवर दुधाचा हिशोब मांडता ना, तिथंच १४ तारखेवर लाल पेन्सिलीनं खूण करा. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवरही तीच खूण करा, आणि शेजारी यंदाचा आकडा लिहून ठेवा. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.