मंदीत रेट पडत नाहीत, व्यवहार थांबतात : जळगाव-धुळ्यात घर घेताना

आजचा विषय घराचा. जळगाव-धुळ्याचे आपल्यातले बरेच जण पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. मध्येच घरून फोन येतो, "मार्केट थंड आहे, पिंप्राळ्यात प्लॉट आहे, घेऊन टाक." नाहीतर देवपुरात फ्लॅट. मार्केट थंड म्हणजे माल स्वस्त, असं आपण धरून चालतो. पण जागेचा बाजार तसा चालत नाही.

शेअर पडला की मोबाइलवर लाल आकडा दिसतो. प्लॉटला असा आकडा नसतो. आपल्याकडे खूप प्लॉट कापसाच्या, केळीच्या नाहीतर दुकानाच्या पैशातून घेतलेले. त्यावर कर्ज नाही, हप्ता नाही, मग मालकाला कसली घाई? तो रेट कमी करत नाही, नुसता थांबतो. म्हणून मंदी आधी व्यवहारांच्या संख्येत दिसते, रेटमध्ये फार उशिरा. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी, मे 2017 मध्ये रेरा, जुलैत जीएसटी, असे धक्के लागोपाठ बसले तेव्हाही हेच झालं. 2020 मध्ये कोविडनंतर अडकलेले व्यवहार हलावेत म्हणून सरकारनेच सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं.

मग खरा भाव कळणार कसा?

एजंट सांगतो तो मागितलेला भाव. झालेला भाव नोंदणी कार्यालयात असतो. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर मोफत शोधाची सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि गट किंवा प्लॉट नंबर टाकला की सूची क्रमांक 2 निघते. त्यात क्षेत्रफळ, तारीख, मोबदला आणि सरकारी बाजारभाव असतो. आजूबाजूच्या आठ-दहा नंबरांची गेल्या दोन वर्षांची सूची काढा. काही जण रोखीतला हिस्सा कागदावर आणत नाहीत, त्यामुळे हा आकडा खालचा अंदाज समजा. आणि दोन वर्षांत त्या लेआउटमध्ये एकच व्यवहार झाला असेल, तर समोरचा मालक किती दिवसांपासून गिऱ्हाइकाची वाट पाहतोय ते तुम्हाला कळलं.

स्वस्तात मिळालं तर?

इथे एक गोम आहे. सरकार दरवर्षी रेडी रेकनर ठरवतं आणि मुद्रांक शुल्क रेडी रेकनर की करारातली किंमत, यात जे जास्त त्यावर लागतं. समजा रेकनरने किंमत 30 लाख आणि तुमचा सौदा 26 लाखांत झाला. शुल्क 30 वरच. शिवाय फरक सौद्याच्या 10 टक्क्यांपेक्षा, म्हणजे इथे 2 लाख 60 हजारांपेक्षा, जास्त आहे. मग पूर्ण 4 लाख तुमचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो. विकणाऱ्याचा नफाही 30 लाखांवरून मोजला जातो. म्हणून घासाघीस करण्याआधी रेकनर बघा.

"येणार आहे" ची किंमत देऊ नका

धुळ्यात सध्या मनमाड-इंदूर रेल्वेचं नाव घेऊन प्लॉट दाखवतात. प्रकल्प खराच आहे. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी. पण मंजुरी म्हणजे गाडी सुरू झाली असं नाही. तुमचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू. 25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं : महिन्याला सुमारे 21,700 रुपये, एकूण परतफेड 52 लाखांच्या आसपास. तसंच घर त्याच भागात किती भाड्याने मिळतं ते विचारा आणि दोन्ही आकडे आई-बाबांसमोर ठेवा.

कागद कुठले बघायचे?

प्लॉट असेल तर बिनशेती आदेश, मंजूर लेआउटचा नकाशा आणि सातबारा. हे तिन्ही जुळत नसतील तर "नंतर होऊन जाईल" यावर विश्वास ठेवू नका. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला महारेरा नंबर शोधा. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या शहरांत अशा छोट्या बिल्डिंगा भरपूर आहेत. तिथे वकिलाकडून कागद तपासून घ्या, त्याचे पैसे वाचवू नका. नोंदणी असलेल्या प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी लागत नाही, हेही हिशोबात धरा.

मंदीत घेणाऱ्याला खरी मिळते ती सवड. तेजीत "आज टोकन द्या, उद्या जाईल" असं म्हणतात. आता तो प्लॉट उद्याही तिथेच असतो. म्हणून टोकन देण्याआधी महिनाभर मागून घ्या, सूची काढा, कागद वाचा. मालक एवढंही थांबायला तयार नसेल, तर घाई कशाची आहे हे त्यालाच विचारा.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.